चिक चॉकलेट
(१९१६–१९६७). मुंबईच्या जॅझ संगीतक्षेत्रातील अग्रगण्य गोमंतकीय ट्रंपेटवादक व वाद्यवृंदप्रमुख. मूळ नाव अंतोनियो झेवियर व्हाझ. जन्म गोव्यातील हळदोणे येथे. अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीचा त्यांच्या वादनावर ठसा होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद गाजला. पुढे ते संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. अलबेला (१९५१) या हिंदी चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

गोमंतकीय वादकांना चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळे. त्यामुळे भारतीय चालींना स्वरसंवादाची जोड देऊन वाद्यमेळ रचण्याचे काम त्यांच्याकडे येई. श्रेय मात्र बहुधा संगीतकाराच्याच नावे जाई. चिक यांनी नादान (१९५१) सारख्या काही चित्रपटांना स्वतंत्रपणेही संगीत दिले.