संगणकदानाची पोचपावती

१७ मे १९९९ रोजी अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ हा प्रोग्राम लोकांसाठी खुला केला. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या महाकाय दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींमध्ये पृथ्वीबाहेरच्या एखाद्या संस्कृतीचा संदेश दडला आहे का, हे तपासायचं होतं. एवढ्या आकडेमोडीला पुरेल असा महासंगणक विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा डेव्हिड गेडी, डेव्हिड अँडरसन, डॅन वर्दिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींचे तुकडे पाडले, प्रत्येकात सुमारे १०७ सेकंदांच्या लहरी, आणि ते इंटरनेटवरून घरोघरच्या संगणकांकडे धाडले. मालक उठून गेला, संगणक रिकामा झाला, की प्रोग्राम जागा व्हायचा, तुकडा तपासायचा आणि उत्तर बर्कलीला कळवायचा. हे चालू असताना स्क्रीनवर एक रंगीत आलेख उलगडत जाई. सोबत लिहिलेलं असे: आकाशातला हा बिंदू, अमुक तारखेची नोंद, अमुक वारंवारता. पुढच्या वीस वर्षांत पन्नास लाखांहून अधिक लोक या कामात सामील झाले. लहरींचं गणित त्या सगळ्यांना येत असण्याचं कारण नव्हतं. पण आपला संगणक आत्ता कुणासाठी काय करतो आहे, हे त्यांना एका नजरेत दिसत होतं. स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या विज्ञानाचा खरा पाया ते दिसणं हाच होता, आणि नंतरच्या प्रोग्रामांनी तोच दुय्यम मानला, असं माझं म्हणणं आहे.

सेटी एकटा नव्हता. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारा ‘गिम्प्स’ १९९६ पासूनच चालू होता. २००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांच्या गटाने प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा ‘फोल्डिंग ॲट होम’ सुरू केला. पुढे ऑक्सफर्डचा हवामानाचा प्रकल्प आला, गुरुत्वीय लहरी आणि स्पंदक तारे शोधणारा ‘आइन्स्टाइन ॲट होम’ आला. प्रत्येकाने सगळं पहिल्यापासून लिहीत बसू नये, सर्वांना वापरता येईल असा एकच पाया असावा, म्हणून अँडरसन यांनी २००२ पासून ‘बॉइंक’ उभारलं. २००५ च्या अखेरीस सेटीही त्यावर आला. हे काम मोलाचं होतं यात शंका नाही. कुठलाही छोटा संशोधनगट आता जगभरच्या संगणकांना काम देऊ शकत होता, तेही फुकट आणि खुल्या कोडच्या जोरावर. पण पाया सामाईक झाला तशी दर्शनी खिडकीही सामाईक झाली, आणि त्या खिडकीला कुठल्याच एका विज्ञानाचा चेहरा उरला नाही. प्रकल्पांना आपापली चित्रं जोडण्याची मुभा राहिली. रोजच्या व्यवहाराची जागा मात्र एका तक्त्याने घेतली.

हा तक्ता नीट पाहण्यासारखा आहे. ‘प्रगत’ खिडकीत एकेका कामाची एकेक ओळ असते: प्रकल्पाचं नाव, अक्षरं आणि आकडे यांच्या लांबलचक साखळीने बनलेलं कामाचं नाव, किती टक्के झालं, किती वेळ गेला, किती उरला, मुदत कधीची, स्थिती काय. उरलेला वेळ हा अंदाज असतो. तो कधी तासभर पुढे सरकत नाही, कधी उलट वाढतो. त्याच्या जोडीला सेटिंगचं दालन. तिथे ‘प्रोसेसरचे जास्तीत जास्त इतके टक्के वापरा’ असा एक आकडा आणि त्याला लागूनच ‘प्रोसेसरचा जास्तीत जास्त इतके टक्के वेळ वापरा’ असा दुसरा. पहिल्याचा अर्थ असा, की आठ गाभ्यांच्या (कोअरच्या) प्रोसेसरवर ५० टक्के म्हटलं तर चारच गाभे राबतील. दुसऱ्याचा अर्थ असा, की नेमलेले सगळे गाभे राबतील, पण थोडा वेळ काम, थोडा वेळ थांबा, अशा पद्धतीने. लॅपटॉप तापतो म्हणून एखाद्याने दुसरा आकडा खाली आणला, तर यंत्र एकदम गप्प होण्याऐवजी पुन्हा पुन्हा जोर धरतं आणि सोडतं. दोन वाक्यांतला हा फरक शब्दांवरून ओळखणं सामान्य माणसाला कठीण आहे. शिवाय त्याच दालनात किती दिवसांचं काम साठवून ठेवायचं, किती मिनिटांनी एका कामावरून दुसऱ्यावर जायचं, किती सेकंदांनी प्रगती डिस्कवर नोंदवायची, थांबवलेलं काम मेमरीत राहू द्यायचं का, असे प्रश्न रांगेने उभे असतात. शंभर संगणकांची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला हे प्रश्न योग्य आहेत. घरातला एकुलता एक लॅपटॉप विज्ञानाला देऊ पाहणाऱ्याला ते विचारणं म्हणजे श्रमदानाला आलेल्या माणसाच्या हाती कुदळीऐवजी बंधाऱ्याचा आराखडा देणं आहे.

सर्वांत जास्त गैरसमज पसरवणारा आकडा ‘वाट्या’चा. प्रत्येक प्रकल्पाला मुळात १०० हा वाटा मिळालेला असतो. वाचणाऱ्याला साहजिकच ते शंभर टक्के वाटतात. प्रत्यक्षात ते गुणोत्तर आहे: दोन प्रकल्पांना प्रत्येकी १०० म्हणजे दोघांना निम्मं निम्मं. आणि हे निम्मं आजचं नव्हे, दीर्घ काळाच्या सरासरीचं. म्हणून एखादा प्रकल्प कितीतरी दिवस एकटाच चालतो, दुसऱ्याचं काम येतच नाही, आणि मालकाला वाटतं की काहीतरी बिघडलं. आतला हिशेब अगदी बरोबर असतो, फक्त तो कुणी सांगत नाही. तसंच सेटिंगचं. ती प्रकल्पाच्या संकेतस्थळावरही असतात आणि संगणकावरच्या खिडकीतही. खिडकीत एकदा बदल केला की त्या यंत्रापुरती संकेतस्थळावरची सेटिंग निष्प्रभ होतात. नव्या आवृत्तींत तशी सूचना दिसते, हे खरं, पण एकाच गोष्टीला दोन दारं कशासाठी, हा प्रश्न उरतोच. पूर्ण झालेलं काम लगेच जात नाही, ‘कळवण्यास तयार’ अशा स्थितीत थांबतं, कारण सर्व्हरवरचा ताण कमी करण्यासाठी उत्तरं एकत्र पाठवली जातात. पुष्कळदा तेच काम आणखी एका अनोळखी संगणकालाही दिलेलं असतं, कारण दोघांची उत्तरं जुळली तरच ती विश्वासार्ह धरायची. ही काळजी विज्ञानाची शान वाढवणारी आहे. इथे दोन परके संगणक एकमेकांचे साक्षीदार होतात. पण प्रकल्पाच्या संकेतस्थळावर तिचं रूप ‘प्रलंबित’ या एका कोरड्या शब्दाएवढं.

आता यावर पहिला आक्षेप असा की असले प्रोग्राम बघत बसण्यासाठी नसतातच. एकदा बसवायचे आणि विसरायचे. उत्तम इंटरफेस म्हणजे न दिसणारा इंटरफेस, आणि सेटीचा तो आलेख काढण्यातही प्रोसेसरचा वेळ खर्चच होत होता. या म्हणण्यात तथ्य आहे. रोज बघायला लागावं, असं कुणीच म्हणणार नाही. पण विसरता येण्यासाठी आधी विश्वास बसावा लागतो, आणि विश्वास पहिल्या काही दिवसांतच बसतो किंवा उडतो. पंखा अचानक का वाढला, बॅटरी का उतरली, मी टाइप करत असताना हे थांबतं का, याची उत्तरं मिळाली नाहीत तर माणूस प्रोग्राम विसरत नाही, काढून टाकतो. बॉइंकच्याच अँड्रॉइड आवृत्तीत हे ओळखलेलं दिसतं. फोन चार्जिंगला असेल आणि बॅटरी पुरेशी भरलेली असेल तेव्हाच काम करायचं, आणि वायफाय असेल तेव्हाच माहितीची देवाणघेवाण करायची, असं तिथे आधीच ठरवून दिलेलं आहे. मालकाच्या मनातली भीती कुणीतरी आधी ओळखली आणि त्याला एकही प्रश्न न विचारता दूर केली. याला मी चांगला न दिसणारा इंटरफेस म्हणेन. प्रगत खिडकी न दिसणारी नाही. ती दिसते, फक्त बोलत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. एकेकट्याने दहा-दहा संगणकांवर, महागड्या ग्राफिक्स कार्डांवर बॉइंक चालवणारे लोक आहेत. त्यांना प्रत्येक आकडा हाताशी हवा असतो, केलेल्या कामाबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकांची चढाओढ त्यांना आवडते, आणि एकूण गणनशक्तीत त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांची हत्यारं काढून घेऊ नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. पण एकाला हत्यारं द्यायची म्हणून दुसऱ्याला दारातच अडवावं लागत नाही. फोल्डिंग ॲट होमने बरीच वर्षं एक साधी पट्टी ठेवली होती: कमी, मध्यम, पूर्ण. सोबत कुठल्या आजारावरच्या संशोधनाला हातभार लावायचा, एवढीच निवड. तपशिलात जाणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी होतीच. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली तेव्हा या प्रकल्पाकडे लोकांची रीघ लागली. त्याची एकत्रित शक्ती एका सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या पलीकडे गेली, त्या वेळच्या कुठल्याही महासंगणकापेक्षा कितीतरी पुढे. करोना विषाणूचं काटेरी प्रथिन कसं उघडतं, हे त्या गणनांतून पाहता आलं आणि २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. त्या लोंढ्याचं कारण साथीची धास्ती होती, पट्टी नव्हे. पण धास्तीने आलेला माणूस आत शिरू शकला, तो पट्टीमुळे. आणि तिथेही जे हुकलं ते सांगण्यातच हुकलं: मागणी एवढी वाढली की सर्व्हरपाशी वाटायला काम उरेना, आणि नव्या स्वयंसेवकांच्या वाट्याला नुसती थांबलेली खिडकी आली. “तुमचा संगणक ठीक आहे, आमच्याकडचं काम संपलं आहे, थोडं थांबा” एवढं ठळक वाक्य तिथे फार उपयोगी पडलं असतं.

दर्शनी भाग म्हणजे वरची रंगरंगोटी, या समजाला सर्वांत ठोस उत्तर वॉशिंग्टन विद्यापीठातून मिळालं. तिथे डेव्हिड बेकर यांच्या गटाचा ‘रोझेटा ॲट होम’ प्रथिनांचे आकार शोधत असे, आणि शोध चालू असताना प्रथिन कसं वळतं आहे ते स्क्रीनसेव्हरवर दाखवत असे. ते पाहणारे काही स्वयंसेवक कळवू लागले की संगणक चुकतो आहे, ही घडी अशी वळवली तर अधिक चांगली बसेल. त्यातून २००८ मध्ये ‘फोल्डिट’ हा खेळ तयार झाला, ज्यात माणसं स्वतः प्रथिनं वळवतात. माकडांना होणाऱ्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूतल्या एका विकराची रचना दहा वर्षांहून अधिक काळ तज्ज्ञांना उलगडत नव्हती. फोल्डिटच्या खेळाडूंनी तिचा पुरेसा चांगला आराखडा सुमारे तीन आठवड्यांत दिला आणि २०११ मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली. बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते प्रथिनांची नवी रचना संगणकाने घडवण्यासाठी. फोल्डिटचा धडा त्याहून वेगळा आहे. लोकांना काम दाखवलं, म्हणून त्यांना ते सुधारता आलं. तक्त्यातल्या टक्केवारीकडे पाहून कुणाला प्रथिनाची घडी सुचली नसती.

तिसरा आक्षेप पैशांचा. विद्यापीठांतले हे गट मोजक्या माणसांचे आणि अपुऱ्या अनुदानाचे. सर्व्हर चालू ठेवायचा की खिडकी सजवायची, असा प्रश्न आला तर सर्व्हर आधी. समजण्यासारखं आहे. पण अँडरसन यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार २०१८ च्या सुमारास अशा प्रकल्पांत सुमारे सात लाख उपकरणं होती. जगातल्या संगणकांच्या आणि फोनच्या संख्येपुढे हा थेंबच. यंत्रं कमी पडलेली नाहीत, माणसं कमी पडली आहेत. अँडरसन यांनीच ‘सायन्स युनायटेड’ही उभारलं, ज्यात प्रकल्पांची यादी चाळायची नसते, फक्त खगोलशास्त्र, वैद्यक, पर्यावरण असे विषय निवडायचे आणि बाकीचं ते बघतं. बॉइंकच्या निर्मात्यालाच अशा दाराची गरज वाटली, ही माझ्या मते या वादातली सर्वांत मोठी साक्ष. राहिला भाड्याच्या संगणकांचा मुद्दा. ऑक्टोबर २०२४ मध्ये गिम्प्सला सापडलेली ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या घरच्या संगणकाने नव्हे, अनेक देशांत भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स कार्डांनी शोधली. मग घरगुती दानाची गरज काय? ज्या गटाकडे भाड्याचे पैसे नाहीत, त्याला आजही गरज आहे. आणि घरचं दानही फुकट नसतं: पूर्ण जोराने चालणारा संगणक जास्त वीज खातो, बिल दात्याचं वाढतं. तो आकडा बॉइंकच्या खिडकीत नाही. तो तिथे असायला हवा, मग लोक डोळसपणे देतील.

दात्याला काय कळावं, याचं उदाहरण ऑगस्ट २०१० मध्ये दिसलं. आइन्स्टाइन ॲट होमने अरेसिबोच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा शोधला. तो ज्यांच्या संगणकांवर सापडला ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक जोडपं आणि जर्मनीतल्या माइन्झ शहरातला एक माणूस. त्यांना कळवण्यात आलं, आणि ‘सायन्स’ नियतकालिकातल्या शोधनिबंधात त्यांचं श्रेय नोंदलं गेलं. अशी पोच दर वेळी देता येणार नाही, कारण शोध रोज लागत नाहीत. पण “या आठवड्यात तुमच्या संगणकाने आकाशाचा हा भाग तपासला, काही सापडलं नाही, दुसऱ्या संगणकाचंही उत्तर तेच आलं” एवढं वाक्य दर आठवड्याला सहज देता येईल. त्याला लागणारी माहिती सर्व्हरवर असतेच. सेटीने ३१ मार्च २०२० रोजी नवं काम वाटणं थांबवलं. स्वयंसेवकांनी काढलेल्या सुमारे १२ अब्ज नोंदींतून गाळत गाळत शंभरेक जागा पुन्हा तपासण्यासाठी निवडल्या गेल्या. आपण काढलेल्या त्या अब्जावधी नोंदींचं पुढे असं काही झालं, हे ज्याच्या त्याच्या संगणकावर उमटायला हवं होतं.

आइन्स्टाइन ॲट होम आज अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या दोन शोधकांच्या नोंदीही चाळतो. तशाच जातीचा शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहतो आहे, तेव्हा हे विज्ञान आपल्यापासून दूरचं नाही. ज्यांना हातभार लावावासा वाटतो त्यांनी बॉइंक जरूर बसवावं. सुरुवातीला निम्मे गाभे द्यावेत, ‘बॅटरीवर असताना थांबा’ ही खूण केलेली आहे ना ते पाहावं, आणि वाट्याचा आकडा आहे तसा ठेवावा. ज्यांना प्रोग्रामिंग येतं किंवा नेमकं मराठी लिहिता येतं, त्यांना माझी वेगळी विनंती आहे. बॉइंकचा कोड खुला आहे आणि त्याची भाषांतरं स्वयंसेवकच करतात. टक्क्यांच्या त्या दोन जुळ्या वाक्यांपासून सुरुवात करा आणि ती अशी लिहा, की पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही त्यांतला फरक कळेल.