परवाना बंदुकीचा, परीक्षा कुणाची?

कन्नड तालुक्यात मक्याला दाणा भरू लागला की शेतकऱ्याची झोप उडते. गौताळा अभयारण्याच्या जंगलातून रात्री रानडुकरांचा कळप उतरतो आणि खातो त्याच्या कितीतरी पट आडवं करून जातो. रोही उभ्याउभ्या शेंडे खुडतात. आमचं शेत अभयारण्याच्या बाजूलाच आहे आणि वडिलांची बारा बोअर आता माझ्या नावावर आहे. त्यामुळे गावातलं कुणी ना कुणी दर हंगामात म्हणतंच, "सर, लायसन हाय ना तुमच्याकडं, मंग वाजवा की एखांदं."

इतकं सोपं ते नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौशी शिकारीला बंदी आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये एक फट आहे : उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांना वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतं. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांसाठी तशी परवानगी मिळते. मेलेलं जनावर सरकारजमा होतं, मांस घरी नेता येत नाही. पण ती परवानगी हातात असलेल्या माणसाला जनावराबद्दल काय कळतं, हे कुणी तपासत नाही.

बंदुकीबद्दल तपासतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना हवा असेल तर सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. मी ते प्रशिक्षण घेतलं आहे आणि ते चांगलं आहे. नळी कुठे रोखायची, चापावर बोट कधी ठेवायचं, काडतुसं बंदुकीपासून वेगळी कशी ठेवायची, सगळं शिकवतात. निवडणुका लागल्या की आम्ही बंदूक ठाण्यात जमा करतो, परत आणताना पावती जपतो. शस्त्राची शिस्त आहे. फक्त समोरच्या जिवाबद्दल त्या वर्गात अक्षर नसतं.

पोक्त नर रानडुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट कवच असतं. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून तेच वाचवतं. काळीज असतं खाली, पुढच्या पायाच्या लगेच मागे. हे ठाऊक नसलेला माणूस अंधारात अंदाजाने खांद्यावर छर्रे मारतो. छर्रे कवचात अडकतात, डुक्कर पडत नाही, ते उसात शिरतं. सकाळी उसात बाया कामाला जातात. जखमी डुकरापुढे कोण येणार हे तेव्हा ठरतं. गोळी झाडल्यावर किती वेळ थांबायचं, रक्ताचा रंग पाहून जखम कुठे आहे हे कसं ओळखायचं, माग कसा काढायचा, हेच खरं शिकार येणं. बॅटरीच्या झोतात तर नुसते डोळे चमकतात. ते रोह्याचे की हरणाचे हे न कळता चाप ओढला आणि काळवीट पडलं, तर तो गंभीर गुन्हा आहे.

मोठ्या जनावरांच्या बाबतीत ही उणीव राज्याने पाहिली आहे. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात बोराटीजवळ नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली गेली. तिला पकडण्याची किंवा मारण्याची जबाबदारी हैदराबादचे शिकारी शफत अली खान यांच्यावर होती, गोळी त्यांचा मुलगा असगर अली याने झाडली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नंतर शस्त्र कायदा आणि पशुवैद्यक परिषद कायदा या दोहोंच्या उल्लंघनावर बोट ठेवलं; बेशुद्धीचं इंजेक्शन मारणाऱ्या पथकात पशुवैद्यकच नव्हता. 2020 च्या अखेरीस आष्टी-करमाळ्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते पाटील यांनी टिपलं. लोक सुटले, बरं झालं. पण दोन्ही वेळा बंदूक बाहेरच्या, खाजगी माणसाच्या हातात होती.

जर्मनीत शिकारीचा परवाना हवा तर लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. प्राण्यांची ओळख, कायदा, कुत्र्यांचा वापर, मांसाची तपासणी, सगळं विचारतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात त्याही पुढची 'मास्टर हंटर' पायरी आहे. परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि जंगलासाठी विनामोबदला काम असे तिचे टप्पे आहेत. पिकांची नासाडी होते तिथे या माणसांना बोलावतात. आपल्याला हवं आहे ते नेमकं हे.

एवढा खटाटोप परवडेल का? प्रत्येक शेतकऱ्याने करावा असं मी म्हणणार नाही. दिवसभर राबून रात्री राखण करणाऱ्याने वर्गात कधी बसायचं? दहा-बारा गावांत मिळून दोघे-तिघे तयार झाले तरी पुरे. डुकरं त्याने आटोक्यात येतील असंही नाही. त्यांची पैदास झपाट्याने होते, आणि सौरकुंपण बंदुकीपेक्षा जास्त पीक वाचवतं. तरी परवानगी जर मिळतेच आहे, तर ती परीक्षा दिलेल्या माणसालाच मिळावी. वन विभाग, पशुवैद्यक आणि पोलीस यांनी मिळून असा अभ्यासक्रम आखावा. त्यात नापास होण्याची सोय हवी. नुसता हजेरीचा दाखला मिळणार असेल तर त्यात मला काडीचा रस नाही.

कन्नडला असा वर्ग निघाला तर मी पहिल्या बाकावर बसेन. बंदूक मुलाच्या नावावर व्हायच्या आधी तोही तिथली परीक्षा देईल, हे घरात ठरलेलं आहे.