कोपऱ्यातल्या मशीनमधलं कार्ड नेमकं कोणतं?



पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या महिन्यात गाईड एक वाक्य हमखास बोलतात, "ते कोपऱ्यातलं जुनं मशीन आहे ना, त्यात ग्राफिक्स कार्ड आहे. सध्या त्यावरच सुरुवात करा." ते कार्ड कोणी बसवलं, कोणतं आहे, ड्रायव्हर कोणता चालायचा, हे सांगू शकणारा सिनिअर केव्हाच बाहेर पडलेला असतो. डेड स्टॉक रजिस्टर उघडलं तर नोंद एवढीच असते : 'ग्राफिक्स कार्ड, १ नग'.

माझंही असंच झालं. कार्डावरचं स्टिकर घासून गेलं होतं, 'क्वाड्रो के' एवढंच वाचता येत होतं. शेजारच्या लॅबमधला एक जण म्हणाला, "के म्हणजे केप्लर. ४७० चा ड्रायव्हर टाक, त्याच्या पुढचा चालणार नाही." मी टाकला. मग पायटॉर्च तक्रार करू लागलं की ड्रायव्हर फार जुना आहे. म्हणून मी जुनं पायटॉर्च घेतलं, त्यासाठी जुनं पायथॉन घेतलं, आणि मग ज्या पेपरचा कोड चालवायचा होता तोच चालेना. आठ दिवस गेले. प्रोग्रेस सेमिनार तोंडावर आलेला, आणि दाखवायला एक आलेखही नाही.

नवव्या दिवशी मी जे केलं, ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ते तुम्ही करावं म्हणून ही पोस्ट.

नाव नको, नंबर विचारा

प्रत्येक कार्डात दोन ओळख क्रमांक असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक चिपचा. दोन्ही चार-चार अंकी, पण सोळाच्या पायातले, म्हणून त्यांत ए ते एफ अक्षरंही येतात. मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम हे क्रमांक थेट कार्डाकडून वाचते. ड्रायव्हर नसला तरी ते दिसतात.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्रायव्हर नसेल तर कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर' असं दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. 'व्हेन' नंतरचे चार अंक कंपनीचे, 'डेव्ह' नंतरचे चार चिपचे.

लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही कमांड एनएन आणि के हे पर्याय जोडून चालवा. कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात हे दोन क्रमांक येतात, आणि खाली सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही येतं.

कंपनीचे तीन क्रमांक पाठ करून ठेवा : १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. (हो, त्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा!) नुसतं ८०८६ दिसलं तर तुम्ही बहुधा प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बघताय. वेगळं कार्ड यादीत नसेल तर ते नीट बसलंय का, त्याची पॉवर केबल लागलीय का, ते आधी पाहा.

माझ्या मशीनवर आलं १०डीई आणि १३बीए. हा क्रमांक क्वाड्रो के२२०० चा. त्यातली चिप जीएम१०७, म्हणजे मॅक्सवेल! केप्लर नव्हेच. त्याच मालिकेतलं के२००० मात्र खरोखर केप्लर आहे. नावात 'के' दोघांच्याही, घराणी वेगळी. उलटंही होतं : जीटीएक्स १०६० नावाच्या ३ जीबीच्या कार्डात ११५२ कोअर आहेत आणि ६ जीबीच्या कार्डात १२८०. नाव एक, चिपचे क्रमांक वेगळे.

नंबरावरून ड्रायव्हर

आता साखळी उलगडते. एक पायरी गाळू नका.

१. चिपचं घराणं ठरवा. लिनक्सवर एनव्हिडियाच्या फर्मी घराण्यासाठी ३९० ही शेवटची ड्रायव्हर शाखा, केप्लरसाठी ४७०. मॅक्सवेल आणि पास्कल यांना ५८० पर्यंतच्या शाखा चालतात.

२. ड्रायव्हरवरून कुडाची मर्यादा ठरते. ४७० सोबत ११.४, ५३५ सोबत १२.२. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड वर जो कुडाचा आकडा दाखवते तो ही मर्यादा असते. तेवढं कुडा मशीनवर बसवलेलं आहे असा त्याचा अर्थ नाही. इथे भलेभले फसतात.

३. चिपची कॉम्प्युट केपॅबिलिटी पाहा. के२००० ची ३.०, के२२०० ची ५.०. तयार मिळणाऱ्या पायटॉर्चमध्ये ठरावीक केपॅबिलिटींसाठीच कोड भरलेला असतो. तुमची त्यात नसेल तर पायटॉर्च बसतं, कार्डही दिसतं, आणि पहिल्याच गणिताला 'कर्नल इमेज उपलब्ध नाही' अशा अर्थाचा एरर येतो. तयार पायटॉर्च आपल्यापुरतं कुडा सोबत घेऊन येतं, त्यामुळे आख्खं टूलकिट वेगळं टाकायची घाई करू नका.

ड्रायव्हर वितरणाच्या भांडारातून किंवा कंपनीच्या साइटवरूनच घ्या. उबंटूवर उबंटू-ड्रायव्हर्स या कमांडला 'डिव्हायसेस' जोडलं की कार्डाला चालणाऱ्या शाखांची यादी मिळते. दोन्ही मार्ग एकाच मशीनवर मिसळू नका, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटला स्क्रीन काळी होते आणि मग बसा रडत.

ड्रायव्हर टाकूनही वापरात नूव्हो हाच दिसत असेल, तर बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू आहे का बघा. सही नसलेलं मॉड्यूल तो चढू देत नाही. ड्रायव्हर बसवताना विचारलेला पासवर्ड पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर द्यावा लागतो, आणि आपण तो घाईत टाळलेला असतो.

कार्ड एएमडीचं निघालं तर लिनक्सचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. पण पडद्यावर चित्र आलं म्हणजे गणितही होईल असं नाही : त्यासाठी लागणारं रॉकएम मोजक्याच कार्डांना चालतं, ती यादी आधी तपासा.

नंबरही खोटं बोलला तर?

बोलू शकतो. जुन्या फर्मी कार्डांचं बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याची प्रकरणं बरीच झाली आहेत. विंडोजवरचं जीपीयू-झेड हे टूल २०१८ पासून अशी एनव्हिडिया कार्डं ओळखून नावाआधी 'फेक' लिहितं. स्वस्तात घेतलेलं सेकंड हँड कार्ड असेल तर मेमरी आणि कोअरची संख्याही जुळवून बघा. एका मोजमापावर विसंबायचं नाही, हे आपल्याला मेथडॉलॉजीच्या कोर्सवर्कमध्ये शिकवतातच की. ते आपल्या मशीनलाही लागू आहे.

माझ्या बाबतीत ५३५ टाकला, नवं पायटॉर्च टाकलं, आणि त्याच संध्याकाळी कोड चालला. चार जीबीत मोठं मॉडेल बसत नाही, पण सेमिनारपुरता आलेख निघाला. आठ दिवस कार्डानं खाल्ले नव्हते. 'के म्हणजे केप्लर' हे न तपासता मान्य केलं, त्यानं खाल्ले.

आता एक काम आजच करा. चिपचा क्रमांक, ड्रायव्हर, कुडा आणि पायटॉर्चची आवृत्ती, या चार गोष्टी लॅब नोटबुकात तारखेसह लिहा. पेपरमध्ये प्रयोगाची मांडणी लिहिताना त्याच लागतील. आणि त्याच चार ओळी कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. तुमच्यानंतर त्या कोपऱ्यात बसणाऱ्याचे आठ दिवस वाचतील.