चंचल मुले आणि ताटातले रंग

(काही मुलांचे लक्ष एका जागी टिकत नाही. त्यांना आपण चटकन 'खोडकर' किंवा 'आळशी' म्हणतो. अशा मुलांसाठी घरोघरी खाण्यापिण्याचे अनेक उपाय सांगितले जातात. त्यांतले कोणते उपाय कसोटीला उतरले आणि ती कसोटी कशी घेतली, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समजा, तुमच्या वर्गात इरफान नावाचा एक मुलगा आहे. गणिताचा तास चालू आहे. सर फळ्यावर उदाहरण सोडवत आहेत. इरफान मात्र कधी खिडकीबाहेर बघतो, कधी पेन्सिल पाडतो, कधी मध्येच उठून उभा राहतो. सरांचा प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर देऊन टाकतो आणि ते चुकते. सगळी मुले हसतात. त्याची वही अर्धी कोरी, डबा शाळेत विसरलेला आणि एक चप्पल मैदानावर!

इरफानच्या अम्मी काळजीत पडतात. शेजारच्या खाला म्हणतात, "त्याची साखर बंद करा." मामू म्हणतात, "माशाच्या तेलाच्या गोळ्या द्या." वर्तमानपत्रातली जाहिरात म्हणते, 'एका महिन्यात एकाग्रता वाढवा!' आणि नानी म्हणतात, "काही नको, मोठा झाला की होईल शांत." आता अम्मींनी कोणाचे ऐकावे?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा त्रास म्हणजे काय, ते पाहू.

प्रत्येक मूल कधी ना कधी चंचल असतेच. उद्या ईद असेल, तर आज कोणाचे लक्ष अभ्यासात लागणार? पण काही मुलांच्या बाबतीत हे रोजचेच असते. लक्ष न टिकणे, एका जागी न बसवणे आणि विचार करण्याआधीच कृती करणे, ही त्याची मुख्य लक्षणे होत. ती बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागतात, निदान सहा महिने टिकतात आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात. तेव्हाच डॉक्टर या त्रासाला 'एडीएचडी' असे नाव देतात. जगभरातील अभ्यास पाहता शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांना हा त्रास असतो. काही मुले धावपळ मुळीच करत नाहीत, नुसती शांतपणे स्वप्नात हरवतात. मुलींमध्ये असे अधिक घडते. म्हणून त्यांचा त्रास पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

हा त्रास नवा नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात हाइनरिख होफमान नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८४५ साली मुलांसाठी चित्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. जेवताना खुर्ची मागेपुढे डुलवणाऱ्या आणि शेवटी टेबलावरच्या चादरीसह सगळे जेवण खाली ओढणाऱ्या फिलिपची गोष्ट त्या पुस्तकात आहे. पुढे १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. ही मुले बुद्धीने कमी नाहीत, तरी त्यांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आज आपल्याला ठाऊक आहे की, हा त्रास बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. तो आईबापांच्या लाडामुळे किंवा मुलाच्या हट्टामुळे होत नाही.

मग याचा जेवणाशी संबंध कोणी जोडला?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात बेंजामिन फाइनगोल्ड नावाचे डॉक्टर होते. ते अॅलर्जीचे तज्ज्ञ होते. काही पदार्थ खाल्ल्याने कोणाच्या अंगावर पित्त उठते, कोणाला धाप लागते, हे ते रोज पाहत. खाण्यातल्या काही गोष्टींमुळे मुलांचे वागणेही बिघडत असेल काय, असा विचार त्यांच्या मनात आला. १९७३ साली त्यांनी आपले म्हणणे डॉक्टरांच्या सभेत मांडले आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. खाण्यातले कृत्रिम रंग आणि कृत्रिम स्वाद बंद करा, असे त्यांनी सांगितले. सफरचंद, द्राक्षे, टोमॅटो अशी काही फळेही त्यांनी वर्ज्य केली, कारण अॅस्पिरीनशी नाते असलेले एक द्रव्य त्यांत निसर्गतःच असते. असे केल्याने निम्म्यापर्यंत मुले सुधारतात, असा त्यांचा दावा होता. हजारो आईबापांनी हा आहार सुरू केला. "आमचे मूल बदलले," असे पुष्कळ जण सांगू लागले.

तुम्ही म्हणाल, "मग झाले! आईबाप स्वतः सांगतात, तर शंका कशाला?"

पण जरा विचार करा. मुलासाठी वेगळा स्वयंपाक होऊ लागला. आई त्याच्याजवळ बसून जेवू लागली. घरातले सगळे त्याच्याकडे लक्ष देऊ लागले. आता तो सुधारला तो रंग बंद केल्यामुळे, की मिळालेल्या मायेमुळे? शिवाय 'आता हा सुधारणार' असे मनात धरले, की लहानशी सुधारणाही मोठी दिसते. हे खोटे बोलणे नव्हे. माणसाच्या मनाची ही रीतच आहे.

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. दोन खाऊ तयार करायचे. दोन्ही दिसायला व चवीला अगदी सारखे. एकात रंगद्रव्य घालायचे, दुसऱ्यात नाही. मुलाला आज कोणता खाऊ मिळाला, हे मुलाला कळू द्यायचे नाही, आईला नाही आणि वागणुकीची नोंद करणाऱ्यालाही नाही. सगळ्या नोंदी पूर्ण झाल्यावरच चिठ्ठी उघडायची. फाइनगोल्ड यांच्या आहाराची अशी परीक्षा झाली, तेव्हा बहुतेक मुलांमध्ये फारसा फरक दिसला नाही. मोजक्या मुलांमध्ये मात्र फरक जाणवला. म्हणजे फाइनगोल्ड यांचा दावा फार मोठा होता, पण तो अगदीच निराधार नव्हता.

आता साखरेची गोष्ट ऐका. अमेरिकेत १९९४ साली एक मजेदार प्रयोग झाला. पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे आणि त्यांच्या आया त्यात होत्या. साखरेने आपला मुलगा बिघडतो, अशी या सर्व आयांची खात्री होती. प्रत्येक मुलाला साखर नसलेले गोड पेय दिले. पण निम्म्या आयांना सांगितले, "तुमच्या मुलाला खूप साखर दिली आहे." काय झाले असेल? त्या आयांना आपला मुलगा जास्त दंगा करताना दिसला! त्या मुलाच्या जवळ जवळ राहू लागल्या, त्याच्या चुका अधिक काढू लागल्या. साखर मुलाच्या पोटात नव्हतीच. ती आईच्या मनात होती. साखरेवर झालेले असे अनेक प्रयोग १९९५ साली एकत्र करून पाहिले गेले. साखरेमुळे मुले चंचल होतात, असे त्यांतून दिसले नाही. साखरेने दात किडतात आणि वजन वाढते, हे मात्र खरे आहे. तेव्हा शेजारच्या खालांचा सल्ला दातांसाठी चांगलाच आहे!

रंगांचा प्रश्न मात्र तेथेच संपला नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००७ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले होती. ही सर्वसाधारण मुले होती, रोगी म्हणून निवडलेली नव्हती. त्यांना काही आठवडे साधा फळांचा रस दिला आणि काही आठवडे कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट हे परिरक्षक घातलेला रस दिला. कोणत्या आठवड्यात कोणता रस, हे घरच्यांना ठाऊक नव्हते. रंगीत रसाच्या काळात मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली आढळली. ही वाढ लहान होती. ती सर्व मुलांमध्ये सारखी नव्हती आणि कोणत्या एका रंगामुळे झाली हेही सांगता आले नाही, कारण रंग एकत्र मिसळलेले होते. तरीही युरोपातील देशांनी याची दखल घेतली. जुलै २०१० पासून तेथे सहा ठरावीक रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर 'मुलांच्या चंचलतेवर व लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. मग पुष्कळ कारखानदारांनी हे रंग वापरणेच सोडून दिले.

त्या सहा रंगांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन आणि पोन्सो ४आर हे चार रंग आपल्या देशातही वापरता येतात. पण ठरावीक पदार्थांतच आणि ठरावीक मर्यादेतच. बिस्किटे, गोळ्या, सरबत यांचे वेष्टन टाकून देण्यापूर्वी एकदा वाचा. घटकांच्या यादीत १०२, ११०, १२२ किंवा १२४ हा आकडा दिसला, तर हे रंग त्यात आहेत असे समजा. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. सुट्या मिठाईवर आणि बर्फाच्या गोळ्यावर मात्र असे काही लिहिलेले नसते. तेथे बंदी असलेले रंगही सापडतात. म्हातारीचे केस, ज्याला आपण 'बुढ्ढी के बाल' म्हणतो, त्यात ऱ्होडामाइन-बी हा विषारी रंग आढळला. म्हणून २०२४ साली तमिळनाडू सरकारने ही मिठाई विकण्यास बंदी घातली. रंगीत खाऊ कमी केल्याने कोणाचेच नुकसान होत नाही. जर्द्याला केशराचा रंग आला, तर तो काही कमी गोड लागत नाही.

आता मामूंच्या माशाच्या तेलाकडे वळू. यावरही बरेच प्रयोग झाले आहेत. काहींत अगदी थोडा फायदा दिसला, काहींत मुळीच नाही. मासे खाणे चांगले, पण तेलाच्या गोळ्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. शरीरात लोह कमी झाले, की थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांमागे ६७ मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणून डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. लोह कमी असेल, तरच त्याच्या गोळ्या घ्याव्यात. गरज नसताना घेतलेले जास्त लोह विषासारखे असते.

काही डॉक्टर मुलाला थोडे दिवस अगदी मोजकेच पदार्थ देतात आणि मग एकेक पदार्थ वाढवून पाहतात. नेदरलँड्समध्ये २०११ साली १०० मुलांवर असा प्रयोग झाला. त्यात बऱ्याच मुलांमध्ये सुधारणा दिसली. पण आहार कोणाचा बदलला आहे, हे आईबापांना ठाऊक होते. त्यामुळे तुम्हीच सांगा, त्या निकालावर किती भरवसा ठेवावा? शिवाय आज दूध बंद, उद्या अंडी बंद, परवा गहू बंद, असे घरच्या घरी करत गेले, तर वाढत्या वयाचे मूल अशक्त होईल. असा आहार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा लागतो.

मग इरफानने करायचे तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे त्याला डॉक्टरांकडे न्यायचे. कधी कधी नीट ऐकू न येणारे, नीट न दिसणारे किंवा रात्री पुरेसे न झोपणारे मूलही वर्गात असेच वागते. तपासणीनंतर खरोखरच एडीएचडी आहे असे ठरले, तर त्यावर चांगले उपाय आहेत. मेथिलफेनिडेटसारखी औषधे लक्ष टिकवण्यास मदत करतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात, कारण त्यांनी भूक व झोप कमी होऊ शकते. आईवडिलांना व शिक्षकांनाही काही गोष्टी शिकवल्या जातात. एका वेळी एकच काम सांगणे, काम पूर्ण होताच शाबासकी देणे, अभ्यासाचे लहान लहान भाग पाडणे, पहिल्या बाकावर बसवणे, या गोष्टींचा उपयोग होतो. खेळ आणि पुरेशी झोप यांचीही मदत होते. वेळेवर पोटभर जेवण तर हवेच. उपाशी पोटी लक्ष कोणाचेच लागत नाही.

आणि तुम्ही काय कराल? इरफान तुमच्याच बाकावर बसतो असे समजा. सरांनी सांगितलेले पान त्याला हळूच दाखवा. घरी जाताना डबा घेतला का, ते विचारा. त्याचे उत्तर चुकले, तर हसू नका. त्याला आपले मन आवरायला तुमच्यापेक्षा दुप्पट कष्ट पडतात. आणि तुमच्यापैकी एखाद्याला हा पाठ वाचताना 'अरे, हा तर मीच!' असे वाटले असेल, तर त्याने ही गोष्ट मनात ठेवू नये. आपल्या अम्मी-अब्बांना किंवा सरांना सांगावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पुढच्या वेळी कोणी तुम्हांला खात्रीचा उपाय सांगितला, तर नम्रपणे एवढेच विचारा : "याची परीक्षा कशी घेतली? कोणाला काय दिले आहे, हे नोंद करणाऱ्याला ठाऊक होते का?"

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) होफमान यांचे पुस्तक कोणत्या साली प्रसिद्ध झाले?
(आ) फाइनगोल्ड हे कशाचे तज्ज्ञ होते?
(इ) लोहाच्या गोळ्या केव्हा घ्याव्यात?

२. कारणे लिहा.
(अ) साखर न देताही काही आयांना आपला मुलगा जास्त दंगा करताना दिसला.
(आ) घरच्या घरी एकेक पदार्थ बंद करत जाणे योग्य नाही.

३. घरी आणलेल्या एखाद्या खाऊचे वेष्टन वाचा. त्यावरील घटकांची यादी वहीत उतरवा आणि त्यात रंग व परिरक्षक आहे का, ते लिहा.