ऊतकरंजन आणि निदान : व्हिपल-व्याधीचे उदाहरण

आतड्याच्या ऊतकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तो जवळजवळ रंगहीन दिसतो. त्यातील पेशी व जंतू दृष्टीस पडावेत म्हणून त्यास रंग द्यावा लागतो; या क्रियेस रंजन म्हणतात. प्रत्येक रंजनपद्धती ऊतकातील विशिष्ट द्रव्येच तेवढी उघड करते. त्यामुळे कोणती पद्धती योजली, यावर पुष्कळदा निदान अवलंबून राहते. व्हिपल-व्याधीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

1907 साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जॉर्ज व्हिपल यांनी एका 36 वर्षीय डॉक्टरच्या शवाची तपासणी केली. सांधेदुखी, अतिसार व क्षीणता यांनी ग्रासून तो मरण पावला होता. आतड्याच्या अंतस्त्वचेत व लसीकाग्रंथींत मेदाचे साठे आढळले. चांदीच्या क्षारांनी रंजित केलेल्या ग्रंथीच्या छेदात दंडाकार जंतूही दिसले. तथापि व्हिपल यांनी व्याधीस नाव दिले ते 'आंत्रीय मेदविकृती' असे. नावात मेद आला आणि जंतू मागे पडले.

1949 साली ब्लॅक-शॅफर यांनी अशा ऊतकावर पर-आयोडिक आम्ल व शिफ-द्रव यांचा प्रयोग केला. हे आम्ल शर्करायुक्त द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करून त्यांत आल्डिहाइड-गट निर्माण करते; शिफ-द्रवाच्या संयोगाने तेथे गडद किरमिजी रंग उमटतो. भक्षक पेशींत या रंगाचे कण खच्चून भरलेले आढळले. त्या पेशींत साठलेले द्रव्य मेद नव्हते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ग्लायकोजेनही हाच रंग घेते. म्हणून छेदावर आधी डायास्टेजची क्रिया करून ते काढून टाकतात. त्यानंतरही टिकणारा रंग अर्थपूर्ण मानावा. 1952 साली प्रतिजैविकाने गुण आल्याची नोंद झाली आणि 1961 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्या पेशींतील जंतू प्रत्यक्ष दाखविले.

तरीही केवळ किरमिजी रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. एड्सच्या रोग्यांत क्षयजंतूंच्या कुलातील एव्हियम जंतूही भक्षक पेशींत असेच चित्र उभे करतात. अशा वेळी झील-नील्सन पद्धती निर्णायक ठरते : एव्हियम जंतू आम्लाने धुतल्यावरही लाल राहतात, व्हिपल-व्याधीचे जंतू तसे राहत नाहीत. दोन्ही रोगांचे उपचार भिन्न असल्याने ही चूक रोग्यास भोवते. शिवाय उपचारानंतरही किरमिजी कण दीर्घकाळ टिकतात. केवळ त्यांवरून रोग जागृत आहे असे म्हणता येत नाही. म्हणून आज जनुकीय परीक्षेची जोड दिली जाते.

1992 साली जनुकीय परीक्षेने जंतूची ओळख पटली व त्यास 'ट्रोफेरिमा' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेतील 'पोषण' व 'अडसर' या अर्थाच्या शब्दांपासून ते साधले आहे. पहिल्या नावाने परिणामालाच रोग मानले होते. दुसऱ्याने त्या परिणामाचे कर्तृत्व जंतूकडे दिले. उपचार न झाल्यास प्राणघातक ठरणारी ही व्याधी त्यामुळे प्रतिजैविकांनी साध्य होणाऱ्या रोगांत निःसंशय गणली गेली.