ह्वे : सम्राटांच्या समाध्या आणि राज्याचा ताळेबंद

आपल्या चिरविश्रांतीची जागा राजाने स्वतः निवडावी, तिचा आराखडा स्वतः तपासावा आणि हयातीतच तेथे उद्यान, सरोवर व प्रासाद उभारून त्यांचा आनंद घ्यावा, ही कल्पना भारतीय मनाला काहीशी विलक्षण वाटेल. मध्य व्हिएतनाममधील ह्वे या जुन्या राजधानीच्या परिसरात मात्र ती प्रत्यक्ष पाहावयास मिळते. १८०२ ते १९४५ या काळात न्गुयेन घराण्यातील १३ सम्राटांनी येथून राज्य केले. त्यांपैकी काहींची, एकूण सात समाधिस्थाने नगराच्या दक्षिणेकडील टेकड्यांत विखुरलेली आहेत. राजदुर्ग, मंदिरे आणि या समाध्या मिळून होणाऱ्या स्मारकसमूहास १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

पर्यटकांना सामान्यतः या समाध्या सोयीच्या क्रमाने दाखविल्या जातात. परंतु त्या कालक्रमाने पाहिल्या, तर शिल्पसौंदर्याबरोबरच एका राज्याचा उदय आणि अस्तही उलगडत जातो.

रचनेमागील विचार

बहुतेक समाधिस्थानांची मांडणी एका ठराविक परंपरेनुसार आहे. प्रथम येते ते प्रांगण. तेथे पाषाणाचे मंत्री, सेनाधिकारी, हत्ती आणि घोडे जणू दरबार भरल्याप्रमाणे दोन्ही बाजूंस उभे असतात. त्यानंतर सम्राटाच्या कारकिर्दीचा शिलालेख असलेला मंडप, पूर्वजपूजेसाठी मंदिर आणि अखेरीस प्रत्यक्ष दफनस्थान. पुढे पाणी आणि मागे डोंगर असावा, या वास्तुसंकेतानुसार जागेची निवड होत असे.

घराण्याचा संस्थापक झा लाँग याची समाधी (१८१४ ते १८२०) नगरापासून बरीच दूर आहे. भोवती टेकड्यांची रांग आणि मध्यभागी सम्राट व सम्राज्ञीची शेजारी शेजारी असलेली दोन साधी थडगी. दीर्घ युद्धानंतर देश एकत्र आणणाऱ्या या सम्राटास कोरीव वैभवाची आवश्यकता भासली नसावी.

त्याचा पुत्र मिन्ह मांग याच्या समाधीत शिस्तीचे दर्शन घडते. महाद्वार, शिलालेख-मंडप, मंदिर, सरोवरावरील पूल आणि दफनटेकडी हे सारे सुमारे ७०० मीटर लांबीच्या एका सरळ रेषेत आहे. बांधकाम १८४० मध्ये सुरू झाले, पुढील वर्षी सम्राटाचे निधन झाले आणि १८४३ मध्ये त्याच्या पुत्राने ते पूर्णत्वास नेले. मधले महाद्वार सम्राटाचा पार्थिव देह आत नेण्यासाठी एकदाच उघडले गेले. पर्यटक आजही बाजूच्या द्वारांनी प्रवेश करतात.

ऐश्वर्याची किंमत

तु दुक या सम्राटाची समाधी (१८६४ ते १८६७) सर्वांत रमणीय मानली जाते. कमळांचे सरोवर, त्यात पाय सोडून उभा असलेला लाकडी मंडप आणि पाइन वृक्षांची छाया यांमुळे येथे समाधीपेक्षा उद्यानाचाच भास होतो. कविमनाचा हा सम्राट येथे काव्यरचना करी आणि नौकाविहारास येई.

या सौंदर्यामागील हिशेब मात्र कठोर आहे. १८६२ च्या तहान्वये फ्रान्सला दक्षिणेकडील तीन प्रांत द्यावे लागले होते, शिवाय जबर युद्धखंडणीचे हप्ते डोक्यावर होते. अशा काळात सैनिक व मजूर यांना सक्तीने या कामास जुंपण्यात आले. १८६६ मध्ये त्यांच्या सहनशक्तीचा अंत झाला. चुना कुटण्याची मुसळे हाती घेऊन बंडखोर थेट राजदुर्गात शिरले. बंड मोडले गेले, म्होरक्यांना देहदंड झाला. ‘दहा सहस्र वर्षे’ अशा अर्थाचे या स्थळाचे मूळ नाव मात्र सम्राटाने बदलले. त्यानंतर येथील वास्तूंच्या नावांत ‘खिएम’ म्हणजे ‘विनम्रता’ हा शब्द आला.

पित्याचा गौरवलेख पुत्राने लिहावा, अशी प्रथा होती. तु दुक निपुत्रिक असल्याने त्याने तो स्वतः लिहिला. सुमारे २० टन वजनाच्या शिळेवर कोरलेल्या या लेखात आत्मस्तुतीऐवजी राज्य राखता न आल्याची खंत आणि स्वतःच्या दोषांची कबुली आहे. सत्ताधीशाने आपल्या कारकिर्दीचा तोट्याचा ताळेबंद असा पाषाणावर जाहीर केल्याची उदाहरणे इतिहासात विरळाच.

१९१६ ते १९२५ या काळात राज्य करणाऱ्या खाइ दिन्हची समाधी (१९२० ते १९३१) या सर्वांहून वेगळी आहे. तोवर सम्राटपद नाममात्र उरले होते आणि खरी सत्ता फ्रेंचांच्या हाती गेली होती. १२७ पायऱ्या चढून गेल्यावर सिमेंट-काँक्रीटची, युरोपीय वळणाची काळवंडलेली वास्तू समोर येते. आत मात्र चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांच्या नक्षीने भिंती झळाळतात. या बांधकामासाठी फ्रेंचांच्या संमतीने जमीन महसुलात ३० टक्के वाढ करण्यात आली होती. राजसत्ता जसजशी क्षीण होत गेली, तसतसा तिचा साज झगमगीत होत गेला, हे येथे उमगते.

मंदिरांचा परिसर

नदीकाठच्या थिएन मू मठाची स्थापना १६०१ मध्ये झाली. त्याचा सात मजली अष्टकोनी मनोरा १८४४ मधील असून तो ह्वे नगराची ओळखच बनला आहे. सायगावमध्ये ११ जून १९६३ रोजी बौद्धांवरील अन्यायाच्या निषेधार्थ आत्मदहन करणारे भिक्षू थिक क्वांग दुक ज्या मोटारीतून त्या ठिकाणी गेले, ती मोटार या मठात जतन केलेली आहे.

त्याच नदीच्या काठी वरच्या अंगास होन चेन हे देवीचे मंदिर आहे. हा प्रदेश पूर्वी हिंदू संस्कृतीच्या चंपा राज्यात मोडत असे. १३०६ मध्ये व्हिएतनामी राजकन्या हुएन त्रान हिचा चंपाच्या राजाशी विवाह झाला, त्या निमित्ताने तो व्हिएतनामकडे आला. राज्य बदलले, तरी चाम लोकांची देवी पो नगर हिची उपासना नव्या नावाने सुरूच राहिली.

प्रवासाची पूर्वतयारी

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ अनुकूल असतो. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये अतिवृष्टी व पुराची शक्यता असते. नदीकाठची स्थळे नावेने आणि उर्वरित मोटारीने पाहावीत, त्यासाठी किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत. भारतीय नागरिकांना ई-व्हिसा मिळू शकतो. स्थानिक चलन डाँग भारतात सहज उपलब्ध नसल्याने बँकेतून डॉलर अथवा फॉरेक्स कार्ड घेऊन निघणे सोयीचे ठरते. मंदिरांत खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा.

अखेरचा मुक्काम

ही यात्रा दोन साध्या स्थळांनी पूर्ण करावी. पहिले आन लांग. १८८३ मध्ये अवघ्या तीन दिवसांत पदच्युत होऊन कारावासात उपासमारीने मरण पावलेल्या दुक दुकची ही समाधी आहे. त्याचा पुत्र थान्ह थाइ आणि नातू दुय तान यांना फ्रेंचांनी सिंहासनावरून दूर करून हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर धाडले. १९४५ मध्ये आफ्रिकेत विमान अपघातात मरण पावलेल्या दुय तानचे अवशेष १९८७ मध्ये येथे आणून पित्याजवळ ठेवण्यात आले.

दुसरे स्थळ राजदुर्गातील ‘थे मिएउ’ हे पूर्वजमंदिर. फ्रेंच अंमलात येथे हाम न्घी, थान्ह थाइ आणि दुय तान या फ्रेंचविरोधी सम्राटांना स्थान नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याही वेदी इतरांच्या रांगेत मांडण्यात आल्या. आज तेथे ज्या दहा वेदींपुढे उदबत्ती लावली जाते, त्यांत भव्य समाधी लाभलेले सम्राट आहेत आणि परदेशी भूमीवर वनवास भोगलेलेही आहेत.