तसबीर कधी दाखवायची?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेलं, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव लाभलेलं नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत होरपळलं. वास्तू पुन्हा बांधता येते. तिथं रंगलेले प्रयोग मात्र चित्रित झाले असतील तेवढेच हाती राहतात. म्हणून संगीत नाटक टीव्हीसाठी कसं टिपतात, हे रसिकानंही समजून घ्यावं.

उदाहरणाला देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ घेऊ. 1916 साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक मुळात मोलिएरच्या प्रहसनावर बेतलेलं. त्यात रागदारीतली पदं आहेत आणि घडोघडी हशाही आहे. कॅमेऱ्यानं दोन्ही सांभाळायचे.

साधारण तीन कॅमेरे लागतात. मधला पूर्ण रंगमंच धरतो, बाजूचे दोन जवळ जातात. दिग्दर्शक बाहेरच्या ओबी व्हॅनमध्ये तिन्ही पडदे समोर घेऊन बसतो आणि टॉकबॅकवरून कॅमेरामनना सूचना देतो. त्याच्या संहितेत संवादांइतकेच ताल आणि मात्रा लिहिलेल्या हव्यात. पद सुरू झालं की चित्र समेवर किंवा मुखडा उचलताना बदलावं, तान चालू असताना मुळीच नाही. गाणारा नट तबलजीकडे बघून सम साधतो. ती नजर दिसायची तर चेहऱ्याचा क्लोजअप पुरत नाही, कंबरेपर्यंतची चौकट लागते.

विनोदाचं गणित वेगळं. नाटकाचं कथानक एका परक्या पुरुषाच्या तसबिरीभोवती फिरतं. कृत्तिका ती निरखत असते आणि तिचा नवरा फाल्गुनराव तिला तसं बघताना बघतो. रंगमंचावर दोघं एकाच वेळी दिसतात, म्हणून हसू येतं. कॅमेरा लगेच तसबिरीवर नेला तर प्रेक्षकाला चित्र कळतं, संशय कळत नाही. माझ्या मते आधी दोघं एका चौकटीत हवीत, मग फाल्गुनरावाचा चेहरा आणि तसबीर सगळ्यात शेवटी. हशा पिकला की तो ओसरेपर्यंत चित्र बदलू नये.

आवाजाचं काम सगळ्यात नाजूक. नटाचा छोटा माईक केसांत लपवतात, कारण पदराखाली लावला तर शालूची सळसळ आणि दागिन्यांची किणकिण गाण्यात मिसळते. ऑर्गन आणि तबल्याला वेगळे माईक. प्रेक्षकांच्या हशा-टाळ्यांसाठी मागं एखादा लागतोच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. त्यामुळे 17 मीटर मागं असलेल्या माईकवर तबल्याची थाप सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा पोचते. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर हा उशीर एका चौकटीहून जास्त होतो आणि तबला दुहेरी ऐकू येतो. मिश्रण करताना तो ट्रॅक तेवढा आधी ओढावा लागतो.

राहिला वन्स मोअर. वेळेच्या बंधनापायी तो कापतात, याचं मला वाईट वाटतं. खरं तर त्याचा फायदा घ्यावा. पहिल्या फेरीत गायकावर असलेला कॅमेरा दुसऱ्या फेरीत ऑर्गनवर न्यावा. मात्र एका फेरीचं चित्र दुसऱ्या फेरीच्या आवाजावर चढवू नये. जिवंत गाण्यात तान दोनदा तशीच येत नाही, आणि ओठ लगेच चुगली करतात.